मंदीचे पंचांग

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे ‘भवानी’ म्हणतात. अकरा वाजत आले तरी गल्ल्यात हात गेला नसेल, तर शेजारचा दुकानदार चहाचा अर्धा कप पुढे करत विचारतो, “अजून भवानी नाही वाटतं?” हा शब्द सगळ्या मराठी मुलुखात चालतो, पण धाराशिव जिल्ह्यात त्याला जास्त वजन आहे. ती भवानी इथून हाकेच्या अंतरावर, तुळजापूरच्या बालाघाटात बसलेली आहे. आणि ही भवानी वर्षातून तीनदा चक्क झोपते.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. घटस्थापनेच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीला ती सिंहासनावरून उचलून पलंगावर ठेवतात, ती घोरनिद्रा. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की अश्विन पौर्णिमेपर्यंत पाच दिवस श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. तिन्ही मिळून सुमारे एकवीस दिवस. यातल्या दोन झोपा कामाआधीच्या आहेत, एक कामानंतरची. महाद्वाराबाहेर कुंकू, परड्या, खण-नारळ आणि कवड्यांच्या माळा विकणाऱ्यांचे वर्ष याच मापाने चालते. श्रमनिद्रेचे पाच दिवस त्यांना झोपायला मिळत नाहीत. नवरात्रात रिकामी झालेली फळी कोजागरीच्या आत पुन्हा भरायची असते, कारण त्या पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून पायी चालत येणाऱ्यांची रीघ लागते. घोरनिद्रेच्या काळात मात्र पितृपक्ष असतो, बाजार थंड असतो, आणि वर्षभराच्या कमाईची तयारी त्याच आठ दिवसांत होते किंवा राहून जाते.

छोट्या धंद्यातले रिकामे दिवस कसे वापरावेत, यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यातला बराचसा सल्ला अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो, ज्याची मंदी अचानक येते आणि जो ती आली की विचार करायला बसतो. आपल्याकडे तसे नाही. इथली निम्म्याहून अधिक मंदी भिंतीवर टांगलेली असते. सोलापूरचे दाते पंचांग असो की कालनिर्णय, ज्याला ते वाचता येते त्याला पुढच्या वर्षीचे रिकामे आठवडे आज मोजता येतात. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ते धंद्यासाठी वाचत नाही. मुहूर्त पाहतो, एकादशी पाहतो, संकष्टीचा चंद्रोदय पाहतो आणि मंदी आली की कपाळाला हात लावतो.

हे वाचायचे कसे, ते आधी पाहू. पंचांगात दोन घड्याळे आहेत. शेती सूर्याच्या घड्याळावर चालते. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागते, ते दरवर्षी तिथेच असते. सण आणि लग्ने चंद्राच्या घड्याळावर चालतात आणि ते वर्षाला अकरा दिवस मागे सरकत जाते, मग कधीतरी अधिकमास येऊन एकदम पुढे उडी मारते. शेतकऱ्याच्या खिशात पैसा सूर्याच्या घड्याळाने येतो आणि खर्चाची निमित्ते चंद्राच्या घड्याळाने. ही दोन घड्याळे जुळली की बाजार उसळतो, फाटली की सणातसुद्धा माशा मारायची वेळ येते.

2025 आणि 2026 शेजारी ठेवून बघा. आपल्याकडचे मोठे पीक सोयाबीन. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरले तर ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काढणीला येते. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला, दसरा 2 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. म्हणजे नवरात्र उभ्या सोयाबीनवर आले. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. म्हणजे पाऊस सरळ असला तर दिवाळीआधी मोंढ्यात माल जाऊन आडत्याची पट्टी हातात पडायला पुरेसा वेळ. कापड, भांडी, सोने, दुचाकी या धंद्यांना हा अठरा दिवसांचा फरक फार मोठा. पण त्याच अधिकमासाने लग्नसराईचा ऐन महिना खाल्ला. 17 मे ते 15 जून लग्ने नाहीत. त्यानंतर आषाढी एकादशीपर्यंत, म्हणजे 25 जुलैपर्यंत, मुहूर्त काढता येतात, पण तेव्हा वऱ्हाडी पेरणीत गुंतलेले. मंडपवाला, बँडवाला, पत्रिका छापणारा, आचारी, फोटोवाला या सगळ्यांचा मे महिना पंधरा दिवसांवर आला. उलट अधिकमासात लेक-जावयाला धोंड्याला बोलावतात, तेव्हा सोनार-सराफाकडे चांदीच्या वस्तूंना आणि मिठाईवाल्याकडे अनारशाला मागणी. एकाची मंदी दुसऱ्याचा हंगाम असतो. यात नवे काही नाही, पण तो कोणाचा असणार आहे हे वर्षभर आधी छापून आलेले असते, हे विसरले जाते.

तालुक्यातालुक्यांतही फरक पडतो. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागातल्या अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेऊन कोयते जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. इतरांचा हिवाळा तेजीचा, तर या गावांतल्या किराणा दुकानाचा हिवाळा ओसाड. दुकानात येणार म्हातारी माणसे आणि मागे राहिलेली पोरे. तिथल्या दुकानदाराने दिवाळीनंतर माल भरणे म्हणजे उंदरांची सोय करणे. कळंब तालुक्यात रांजणीला किंवा इकडे ढोकीला, कारखान्याच्या आवारालगत, याच महिन्यांत हॉटेलवाले आणि टायरवाले रात्री झोपत नाहीत. ढोकीचा तेरणा कारखाना मध्ये अनेक वर्षे बंद होता. तशा बंदला मात्र कुठलेही पंचांग उपयोगी पडत नाही.

ही फक्त आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. जपानमधले दुकानदार फेब्रुवारी आणि ऑगस्ट या दोन मंद महिन्यांना मिळून ‘निप्पाची’ म्हणतात, म्हणजे ‘दोन-आठ’. जर्मन लोक उन्हाळ्यातल्या सुस्त आठवड्यांना ‘आंबट काकड्यांचे दिवस’ म्हणतात. मंदीला नाव असणे ही चांगली खूण आहे. ज्याला नाव असते त्याची तयारी होते.

आपल्या जिल्ह्यात हे ज्ञान फार जुने आहे. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचे नाव येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथला कापडचोपड माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. त्याच पुस्तकात इजिप्तहून भारताकडे जहाजे जुलैत सोडावीत असे सांगितले आहे, म्हणजे नैऋत्येचे वारे पाठीशी घेऊन ती पावसाळा उतरताना किनाऱ्याला लागतात. आता आपल्या काळ्या रानाची पावसाळ्यातली अवस्था आठवा. चाक आसापर्यंत रुतते. त्या काळी श्रावणात तगरहून लादलेली गाडी निघणे अवघडच. मग पावसाळाभर कापड विणायचे, रंगवायचे, गाठोडी बांधायची आणि रस्ता वाळला की निघायचे, असेच त्या बाजाराचे चालले असणार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मालाची मंदी आणि तयारी हे एकाच चार महिन्यांचे दोन चेहरे होते.

त्याच तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे, शके 1239 ची. संत म्हणून त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे त्यांच्या धंद्याबद्दल बोलायचे आहे, कारण रिकाम्या दिवसांचा विचार कुंभाराइतका कोणी केलेला नाही. कुंभाराचे वर्ष तुकड्यातुकड्यांचे. संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ आणि रांजण, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. पावसाळ्यात चाक थांबते, कारण घडवलेले भांडे वाळत नाही आणि ओल्या हवेत आवा नीट पेटत नाही. मग कुंभार काय करतो? माती त्याने उन्हाळ्यातच, तलाव आटलेला असताना आणून ठेवलेली असते. पोळ्याचे बैल कच्च्या मातीचे असतात, ते भाजावे लागत नाहीत, म्हणून ते पावसाळ्यातले काम. चाकाची डागडुजी, राख चाळून ठेवणे, आव्यासाठी जळण गोळा करून झाकून ठेवणे हीसुद्धा याच दिवसांतली कामे. आणि हे सगळे बाजूला ठेवून आषाढात पंढरपूर. वारी हा बलुतेदाराचा हंगाम नसलेला काळ होता, हे आपण भक्तीच्या भरात विसरतो. पेरणी आटोपलेली, आवा थंड, गिऱ्हाईक रानात. चालायला याहून बरा वेळ कोणता?

या कुंभाराच्या वहिवाटीत मला तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. कच्चा माल तो मंदीच्या आधी साठवतो. मंदीत तो अशी वस्तू करतो जिला मंदीतला अडथळा लागू होत नाही. आणि काही दिवस तो धंदा पूर्ण सोडून देतो. या तिन्हींच्या कसोटीवर आजचे धंदे घासून पाहायला हरकत नाही.

खवा घ्या. भूम, वाशी, कळंब, परंडा पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन आहे. भट्टीवर उभे राहून पाहिले तर हा धंदा किती नाजूक आहे ते कळते. मोठी कढई, खाली जाळ, आणि एक माणूस लांब दांड्याच्या उलथन्याने तळ खरवडत राहतो. तो दोन मिनिटे मोबाईलमध्ये गुंतला की दूध तळाला लागते आणि घाणा जळकट होतो. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा, गाईचे असेल तर आणखी अर्धा लिटर जास्त. या धंद्याची मंदी दुहेरी आहे. हिवाळ्यात दूध मुबलक असते तेव्हा खव्याला भाव नसतो. उन्हाळ्यात लग्ने, गुलाबजाम, बासुंदी यांनी भाव चढतो तेव्हा दूध आटलेले असते. खवा बाहेर ठेवला तर दोन दिवसांत वास धरतो. म्हणून ज्यांच्याकडे शीतगृह आहे ते हिवाळ्यातला खवा उन्हाळ्यात विकतात, आणि ज्यांच्याकडे नाही ते हिवाळ्यात त्यांनाच विकतात. साऱ्या पट्ट्यातला नफा या एका खोलीपाशी अडतो. ज्याला खोली परवडत नाही त्याने कुंभाराचा दुसरा धडा गिरवावा. साखर घालून पेढा वळला की तोच खवा जास्त दिवस टिकतो, शिवाय मजुरी गावात राहते. भट्टी आणि धुराडे दुरुस्त करायची वेळ उन्हाळ्यातली. बहुतेक ठिकाणी ती दिवाळीच्या तोंडावर होते, म्हणजे नेमकी नको तेव्हा.

दुरुस्तीच्या बाबतीत आदर्श शोधायचा तर तो साखर कारखान्यात. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या काळात कारखाना बंद दिसतो, पण आत मिल उघडलेली असते, रोलर उतरवलेले असतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात. ऑफ सिझनमधल्या या कामाला तिथे ओव्हरहॉलिंग म्हणतात आणि त्याचे वेळापत्रक हंगाम संपण्याआधीच तयार असते. हंगामी कामगाराला बंद काळासाठी पगाराचा काही हिस्सा रिटेन्शन म्हणून मिळतो, कारण पुढच्या दसऱ्यानंतर तोच हात हवा असतो. दोन-तीन माणसांच्या दुकानाला ही कल्पना लागू होत नाही असे वाटते, पण होते. मंदीत पोऱ्याला काढून टाकणारा मालक हंगामात नवा पोरगा शिकवत बसतो आणि त्या काळात गिऱ्हाईक शेजारी जाते. अर्धा पगार देऊन अर्धा दिवस बोलवावे. हे दयेपोटी सांगत नाही, हिशेबाने स्वस्त पडते.

मोटार रिवायंडिंगच्या एका दुकानातली गोष्ट मला फार आवडली. या धंद्याचा हंगाम रब्बीचा. विहिरीवर मोटारी चालू झाल्या, लाइटचा दाब कमी-जास्त झाला की मोटारी जळतात आणि दुकानापुढे रांग लागते. जून ते सप्टेंबर कुणी फिरकत नाही. या दुकानदाराने पावसाळ्यात भंगारातून तीन, पाच आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या तीन-चार जुन्या मोटारी घेतल्या आणि निवांत गुंडाळून ठेवल्या. हंगामात शेतकरी जळकी मोटार घेऊन आला की तो यातली एक तात्पुरती हातात देतो. पाणी थांबत नाही, त्यामुळे शेतकरी दारात उभा राहून घाई करत नाही, काम शांतपणे होते. दुसऱ्या दुकानात दोन दिवसांचे वायदे आणि भांडणे. फरक चार महिन्यांच्या रिकाम्या वेळेचा आणि थोड्या तांब्याच्या तारेचा.

आता पैशाकडे येऊ, कारण मंदीत माणूस मोडतो तो कामाअभावी नव्हे, बांधलेल्या खर्चापायी. एक कल्पित दुकान घ्या. भाडे 6,000, पोऱ्याचा पगार 9,000, वीज 1,500, बँकेचा हप्ता 8,500. महिन्याला 25,000. वर्षात चार महिने विक्री जेमतेम चहापाण्यापुरती असेल तर या चार महिन्यांचा लाख रुपये खर्च उरलेल्या आठ महिन्यांनी उचलायचा आहे, महिन्याला 12,500 प्रमाणे. हा आकडा गल्ल्याशेजारी लिहून ठेवलेला मी फार थोड्या दुकानांत पाहिला. हंगामात आलेला पैसा सगळा नफा वाटतो, मग त्यातून मोटारसायकल येते, आणि श्रावणात पतपेढीचे दार वाजवावे लागते. पिग्मीवाला रोज दारात येतो, त्याच्याकडे थोडेथोडे टाकणे ही जुनी आणि चांगली सवय आहे. फक्त एवढे लक्षात असू द्या की बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. मंदीसाठीची रक्कम ही सगळ्यात कमी धोक्याच्या जागी असावी, दोन टक्के जास्त व्याजासाठी ती हलवू नये.

कॅश क्रेडिटचेही तसेच. सीसी म्हणजे हंगामाआधी उचलायची आणि हंगामात भरून टाकायची. आपल्याकडे ती एकदा काठोकाठ भरली की वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि बंद दुकानावरही व्याज चढत राहते. सीसीचे नूतनीकरण वर्षाने करावे लागते, त्यासाठी साठ्याचा तक्ता लागतो. ते काम दिवाळीच्या गर्दीत करण्यापेक्षा पितृपक्षात करावे, तेव्हा तुम्हालाही वेळ असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा लागते, तीही तेव्हाच. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत जायचे की नाही हे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी ठरवावे लागते. मार्चअखेर धावपळ करण्यापेक्षा पौषातल्या रिकाम्या दुपारी मागच्या वर्षाच्या वह्या काढून हा हिशेब करावा.

उधारीबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे सगळे चुकतात, मीही चुकलो आहे. मंदी आली, हातात वेळ आहे, म्हणून वसुलीला निघायचे, हा सरळ विचार दिसतो. पण तुमची मंदी म्हणजे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचीही नड. श्रावणात शेतकऱ्याच्या दारात गेलात तर पैसा मिळत नाही आणि माणूस तुटतो. मागायची वेळ सुगीत, पट्टी पडते त्या आठवड्यात. मंदीची वेळ यादी करण्याची. वही काढा, प्रत्येक नावापुढे बाकी किती, कधीची आणि शेवटचा पैसा कधी आला ते लिहा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने धरली जाते. म्हणून श्रावणात दारात जायचेच असेल तर पैसे मागू नका, हिशेब जुळवायला जा आणि सही घेऊन या. माणूस खुशीने देतो, कारण त्या क्षणी त्याला काही द्यायचे नसते. एवढे करून जी नावे कोरडीच राहतात ती वहीतून खोडा. मनातून तर आधीच गेलेली असतात.

मंदीत करू नये अशाही दोन गोष्टी आहेत. पहिली, स्वस्तातला माल. आषाढात सोलापूरचा ठोक व्यापारी फोन करून भाव पाडून देतो तेव्हा तो तुमच्यावर उपकार करत नसतो. त्याची मंदी तो तुमच्या गोदामात पाठवत असतो. आमच्या घरच्या दुकानात असाच एकदा कळशांचा ढीग आला, बाजारभावापेक्षा बराच खाली. त्या कळशा तीन वर्षे आम्ही पाहुण्यांना आहेर म्हणून वाटत होतो. स्वस्त माल घ्यावा तो फक्त ज्याचे गिऱ्हाईक आणि विक्रीचा महिना डोळ्यांपुढे आहे तोच.

दुसरी, जोडधंदा. रिकामे दिवस आले की कुणीतरी सुचवतेच: कोंबड्या पाळा, मसाला कांडप घाला, झेरॉक्स मशीन ठेवा. जोडधंदा वाईट नाही. उस्मानाबादी शेळी ही याच जिल्ह्याची जगाला दिलेली देणगी आहे, कोरडवाहूतल्या कितीतरी घरांचा रिकामा हंगाम तिने भरून काढला आहे, आणि तिला जुळी करडे सर्रास होतात. पण शेळी चालते ती घरातली बाई आणि म्हातारी माणसे तिच्यामागे असतात म्हणून. दुकानदाराचा जोडधंदा बहुधा मूळ धंद्याचे भांडवल खातो आणि हंगाम आला की दोन्हीकडे माणूस कमी पडतो. जोडायचाच तर तो मूळ धंद्याच्याच हत्याराने, त्याच गिऱ्हाइकाशी जोडावा. मंडपवाल्याने पावसाळ्यात ताडपत्र्या भाड्याने द्याव्यात. शिंप्याने लग्नसराई संपताच शाळेचे गणवेश घ्यावेत. तुळजापूरच्या घराघरांतून रिकाम्या दुपारी कवड्यांची माळ ओवली जाते. तिलाही आता भौगोलिक मानांकन आहे, आणि ते काम नेमके याच जातीचे आहे.

हे सगळे झाले पंचांगातल्या मंदीचे. पंचांगाबाहेरच्या मंदीपुढे यातले बरेचसे लटके पडते. 2020 चे नवरात्र भाविकांविना झाले. मंदिरे उघडली ती दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. तुळजापुरात ज्याने हंगामासाठी कर्ज काढून माल भरला होता त्याला कुठले ओव्हरहॉलिंग सांगणार? 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला, माणसे वाहत्या पाण्यातून काढावी लागली, आणि ते दिवस होते घटस्थापनेच्या आजूबाजूचे. त्या आधीच्या वर्षी हमीभाव 4,892 असताना सोयाबीन बाजारात त्याच्या खाली विकले गेले आणि दिवाळीची गिऱ्हाइकी सावध राहिली. अशा वर्षी शहाणपण एकच उरते: आधीच्या चांगल्या वर्षांत ते 12,500 बाजूला काढलेले असणे. ज्याने पंचांगातली मंदी नीट सांभाळली तोच पंचांगाबाहेरच्या मंदीत तग धरतो, हे मी तुळजापुरातच पाहिले.

आणि विश्रांती? श्रमनिद्रेचा उल्लेख मी केला, पण दसऱ्यानंतर दुकान बंद ठेवून झोपणारा मालक मला अजून भेटलेला नाही. लग्नसराईत महिनाभर जागरण केलेला आचारी जूनमध्ये आजारी पडतो, हे मात्र दरवर्षी दिसते. आठवड्यातून एक दिवस शटर खाली ओढण्याची लाज वाटते, कारण समोरचा उघडा असतो. त्याचेही कारण तेच असते.

सरकारचे काय? मजुराच्या रिकाम्या दिवसांचा विचार या राज्याने देशात सर्वांत आधी केला. दुष्काळाच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शेतीत काम नसेल तेव्हा काम मागण्याचा हक्क ही कल्पना हंगामाच्या वास्तवातून आली होती. कारागिराचे रिकामे दिवस मात्र कुणी धरले नाहीत. आता प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर 2023 पासून. कुंभार, सुतार, लोहार, शिंपी, सोनार धरून अठरा व्यवसाय, प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. अडचण तारखेची आहे. प्रशिक्षणाची तुकडी भरली, कागद वरून आला, की वर्ग लागतो, मग तो पणत्यांच्या दिवसांत लागो की माठांच्या. ऐन हंगामात पाच दिवस वर्गात बसणाऱ्या कुंभाराला दिवसाचे 500 परवडत नाहीत, आणि जो येतो तो बहुधा चाकावर न बसणारा असतो.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्राला आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना एक विनंती. 2026 मध्ये आषाढी एकादशी 25 जुलैला आहे. वारीहून माणसे परत येऊ द्या. मग ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पोळ्याचे बैल घडवायला बसण्याआधी, तेर परिसरातल्या कुंभारांसाठी एक तुकडी लावा. मंडपवाले, शिंपी, मोटार बांधणारे तेव्हा रिकामेच असतात. वर्ग दुपारी दोन ते पाच ठेवा आणि तारीख दोन महिने आधी कळवा.